जुन्या भयपटांतले माझे आवडते नट: एका रंगभूषाकाराचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘तुम्ही इतकी वर्षं रंगभूषा करता, भुतंखेतंही रंगवली असतील. जुन्या भयपटांतले तुमचे आवडते नट आणि सिनेमे कोणते? मी मोठ्या उत्साहानं १९३१चा ‘ड्रॅक्युला’ लावला आणि अर्ध्या तासात डुलकी लागली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ बघताना तर घरातली पोरं हसत होती. हे सिनेमे खरंच चांगले आहेत, की जुनं ते सोनं म्हणायचं म्हणून म्हणायचं?’

पोरांचं आधी सांगतो. ती हसली यात त्यांचा काही दोष नाही. अस्सल बघायच्या आधी त्यांनी नक्कल बघितलेली असते, कार्टूनमध्ये, कंपासपेटीवर, शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये. चपटं डोकं, मानेत खिळे आणि दोन्ही हात पुढे ताणून चालणं. यातलं हात ताणून चालणं १९३१च्या सिनेमात नाहीच मुळी. ते कुठून आलं त्याची एक वाईट वाटावी अशी गोष्ट आहे, ती पुढे येईल. तुमच्या डुलकीचंही कारण आहे.

पण माझा कल कुठे आहे ते आधी कबूल केलेलं बरं. नाटक आणि मालिकांची रंगभूषा करत मला तीस वर्षं होऊन गेली. सुरुवात राज्य नाट्य स्पर्धेच्या रंगपटात, गुरूंच्या मागे स्पिरिट गमची, म्हणजे खोट्या दाढीमिशा चिकटवायच्या डिंकाची, बाटली धरून उभं राहण्यापासून. त्यामुळे सिनेमा बघताना मला चेहरा आधी दिसतो, गोष्ट मागाहून. थरावर थर चढवल्यावरही ज्याच्या आतला माणूस बाहेर डोकावतो, तो माझा नट. या हिशेबानं पहिला नंबर बोरिस कार्लॉफचा, म्हणजे १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या राक्षसाचा. दुसऱ्या नंबराबद्दल माझं मत दरवर्षी बदलतं.

कार्लॉफ हे घेतलेलं नाव. मूळचा तो विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७, लंडनच्या कँबरवेलमधला. त्याच्या घराण्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली, जिच्यावर पुढे ‘द किंग अँड आय’ निघाला ती ॲना लिओनोवेन्स १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मली. आयुष्यभर तिनं ही गोष्ट लपवली आणि आपण वेल्समध्ये जन्मलो असं सांगितलं. तिची सख्खी बहीण एलायझा ही कार्लॉफच्या आईची आई. तेव्हा फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या आईचं आजोळ शोधत निघालात, तर वाट कंपनी सरकारच्या छावण्यांतून जाते. कार्लॉफचा रंग इंग्रजांच्या मानानं सावळाच होता. परदेशी खलनायकांच्या किरकोळ भूमिका त्याला वर्षानुवर्षं मिळत राहिल्या, त्यात या रंगाचाही हात असणार.

१९३१ साली हा माणूस चव्वेचाळिशीला टेकलेला. डझनावारी सिनेमांत बारीकसारीक कामं केलेली, मधूनमधून ट्रकवर मजुरी केलेली. युनिव्हर्सल स्टुडिओत दिग्दर्शक जेम्स व्हेलची नजर त्याच्या हाडांवर पडली. नट निवडताना हाडं बघतात हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण आम्ही तेच बघतो. गालफडं, भुवईचं हाड, जबडा. कातडी आम्हाला रंगवता येते, हाडं उसनी आणता येत नाहीत.

त्या चेहऱ्यावर काम केलं जॅक पिअर्सनं. हा ग्रीसमधून आलेला स्थलांतरित, युनिव्हर्सलचा मुख्य मेकअपमन. त्या काळी साच्यातून काढलेले रबरी तुकडे चिकटवायची सोय नव्हती. कापूस आणि कोलोडियन, एवढंच भांडवल. कोलोडियन म्हणजे वाळला की कातडीसारखा पापुद्रा धरणारा उग्र वासाचा द्रव. कापसाचा थर, त्यावर कोलोडियन, वाळू द्यायचं, पुन्हा थर. रोज पहाटे कपाळ नव्यानं बांधायचं, रोज रात्री उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी तंतोतंत तसंच पुन्हा उभं करायचं. चढवायला चारेक तास. कन्टिन्युइटी सांभाळताना आम्ही आता फोनवर फोटो काढून ठेवतो आणि तरीही चुकतो. पिअर्सचं कपाळ एका शॉटमधून दुसऱ्यात सहसा हललेलं दिसत नाही.

चपट्या डोक्यामागे त्याचा हिशेब होता. हा राक्षस घडवणारा डॉक्टर काही निष्णात शल्यविशारद नाही. मेंदू बसवायचा तर तो डब्याचं झाकण कापावं तशी कवटी सरळ कापेल आणि वरून चिमटे मारून बंद करेल. मानेतले ते खिळे म्हणजे वीज आत घेण्याची टोकं. कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड, म्हणजे हात लांब वाटतात. चेहऱ्याचा रंग करडा-हिरवट, कारण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तोच प्रेतासारखा पांढुरका उमटायचा. पडद्यावर कोणालाही न दिसलेला हा हिरवा रंग पुढे पोस्टरांनी आणि खेळण्यांनी इतका पसरवला की तुमच्या पोरांना राक्षस हिरवाच माहीत असणार.

पण मला भावतात ती कार्लॉफनं स्वतः सुचवलेली दोन कामं. डोळे फार जिवंत, फार समजूतदार दिसतात असं त्याला वाटलं, म्हणून पापण्यांवर मेणाचा थर देऊन त्या जड केल्या. आणि त्याच्या तोंडात एका बाजूला काढता येणारे खोटे दात होते, ते काढून गाल आत ओढला. त्या गालावर जी खोल सावली पडते, ती रंगानं कधीच तितकी खरी आली नसती. डोळे आणि तोंड या दोन गोष्टी पिअर्सनं मोकळ्या सोडल्या. बाकी सगळं बांधून टाकलं, पण नटाला बोलायच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

आता पुन्हा कधी लावलात तर एकच प्रसंग लक्ष देऊन बघा. राक्षस पहिल्यांदा दारात येतो तो पाठमोरा. सावकाश वळतो. मग कॅमेरा तीन उड्यांत जवळ जातो, शेवटची उडी थेट चेहऱ्यावर. तो खुर्चीत बसतो. डॉक्टर छताचा झरोका उघडतो आणि या जिवावर जन्मात पहिल्यांदा उजेड पडतो. तो मान वर करतो, उठतो आणि दोन्ही हात वर करून उजेड धरायला जातो. झरोका बंद होतो. तेव्हा हात खाली येतात आणि तळवे डॉक्टरकडे वळतात, ‘कुठे गेलं ते?’ असं विचारावं तसे. संवाद एकही नाही. हे बघताना मला आजही रांगतं मूल आठवतं आणि घशात काहीतरी अडकतं. पोरांना एवढा एकच तुकडा दाखवा, मग कोण हसतं बघू.

तळ्याकाठच्या मुलीचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. ती त्याला फुलं पाण्यावर तरंगवायला शिकवते. फुलं संपतात, तेव्हा हीही तरंगेल अशा समजुतीनं तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. सेन्सॉरनं टाकण्याचा भाग कापला, त्यामुळे तो हात पुढे करतो तिथेच प्रसंग तुटायचा आणि पुढे बाप मुलीचं प्रेत घेऊन येताना दिसायचा. मधल्या वेळात काय झालं असेल याबद्दल प्रेक्षकाच्या मनात भलतंसलतं यायचं. कापलेला भाग १९८०च्या दशकात परत जोडला गेला. जुनी कापलेली प्रत हाती लागली तर ती सोडून द्या.

त्या वेळी नटांच्या कामाच्या तासांना धरबंद नव्हता. पहाटे रंगायला बसायचं, उन्हाळ्यात जाड कपडे आणि मणामणाचे बूट घालून रात्रीपर्यंत उभं राहायचं. १९३३ साली हॉलिवुडच्या नटांनी स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही संघटना काढली, तिच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत कार्लॉफ होता. मला यात नवल वाटत नाही.

१९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हाच राक्षस आंधळ्या संन्याशाच्या झोपडीत भाकरी खातो आणि पहिल्यांदा बोलतो. त्यानं बोलावं हे कार्लॉफला पसंत नव्हतं. मला मात्र दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस वाटतो. वधू झालेली एल्सा लँचेस्टर पडद्यावर मोजून काही मिनिटं आहे. ती राक्षसाकडे बघून जी फिस्कारते, ते तिनं लंडनच्या बागेतल्या हंसांवरून उचललं होतं. रंगभूषा शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे सांगतो, कारण ती सगळं इंटरनेटवरच्या फोटोंवरून उचलतात.

डोळे-तोंड मोकळं ठेवण्यावर मी एवढं का बोलतो, तर माझे हात पोळलेले आहेत. एका मालिकेत हडळ करायची होती. निर्मात्यानं कुठलासा परदेशी सिनेमा दाखवला आणि म्हणाला, दादा, अस्साच चेहरा पाहिजे. मी ईर्षेला पेटलो. कपाळापासून हनुवटीपर्यंत लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर, चढवलं. आरशात काय दिसत होती ती! सेटवर मात्र बाईंना धड पापणी मिटेना, चहा स्ट्रॉनं पाजावा लागला, दुपारी घाम आत साठून कडा सुटल्या आणि दिग्दर्शक सारखा म्हणतोय, भीती येत नाहीये. येणार कुठून? मी त्यांचा चेहराच बुजवून टाकला होता. तिसऱ्या दिवशी डोळ्यांखालचं आणि ओठांभोवतीचं सगळं काढलं, कपाळ नि जबड्याची कड तेवढी ठेवली. बाईंनी नुसता खालचा ओठ थरथरवला आणि लाइटवाला पोरगा म्हणाला, ‘आई गं!’

पिअर्सचं पुढे काय झालं तेही ऐका. राक्षस, ममी, लांडगामाणूस, हे सगळे त्याच्या हातचे. १९४०चं दशक संपता संपता स्टुडिओनं त्याला घरी बसवलं. साच्यातलं फोम रबर आलं होतं, काम झटपट व्हायला हवं होतं आणि हा आपल्या कापूस-कोलोडियनला धरून बसलेला. १९६८ साली तो गेला तेव्हा फारसं कोणी दखल घेणारं नव्हतं. त्याची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, फोम रबर खरंच सोयीचं आहे, मीही वापरतो. पण त्याच्या रंगवलेल्या तोंडांवर तो स्टुडिओ अजून पैसे मिळवतो, हे विसरवत नाही.

दुसऱ्या नंबराचा मान यंदा लॉन चेनीला देतो. जन्म १८८३, कोलोराडो. आईवडील दोघंही बहिरे-मुके. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा हा पोरगा दिवसभरात गावात काय काय झालं ते तिला हातवाऱ्यांनी, चेहऱ्यानं करून दाखवायचा. मूकपटाला याहून चांगली तालीम कुठली? स्वतःचा मेकअप तो स्वतः करायचा आणि त्यात इतका जाणकार की एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली मेकअपवरची नोंद त्याच्या नावावर होती. त्याची मेकअपची पेटी लॉस एंजेलिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात ठेवली आहे. लोक पंढरपूरला जातात तसं मला एकदा त्या पेटीपुढे जाऊन उभं राहायचं आहे.

१९२५च्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मधला मुखवटा ओढण्याचा प्रसंग बघा. फँटम, म्हणजे चेनी, ऑर्गन वाजवतोय, तोंड आपल्याकडे. गायिका क्रिस्टीन त्याच्या पाठीमागून हळूच येते. हात पुढे होतो, मागे होतो, पुन्हा पुढे होतो. मुखवटा निघतो आणि तो चेहरा आपल्याला आधी दिसतो, तिला नाही. तिला अजून त्याची पाठच दिसतेय. मग तो वळतो. आपण एकदा दचकलेलो असतो, वर तिच्यासाठी पुन्हा दचकतो. एका चेहऱ्यात दोनदा घाबरवलं. नाकाचा शेंडा वर ओढून नाकपुड्यांची भगदाडं केलीत, डोळ्यांखाली काजळी भरलीय, पण ओठ हलतात आणि नजरेत अपमान दिसतो. चोरी पकडल्यासारखा अपमान. चेनी १९३० साली, ४७व्या वर्षी कर्करोगानं गेला. आयुष्यात एकच बोलपट केला. युनिव्हर्सलचा ‘ड्रॅक्युला’ त्यानं केला असता, असं मानणारे बरेच आहेत.

तो केला बेला लुगोसीनं, आणि इथे तुमच्या डुलकीकडे येतो. १९३१ साली बोलपट अजून रांगत होता. पात्रं बोलत असताना मागे संगीत वाजवायचं ही रीतच बसलेली नव्हती. नावं येताना चैकोव्स्कीच्या ‘स्वान लेक’चा तुकडा वाजतो आणि मग जवळपास पूर्ण सिनेमा शांत. आजच्या कानाला भीती कुठे वाटून घ्यायची हे संगीत सांगतं, ते नसलं की झोप येते. त्यात दुसऱ्या अर्ध्या भागात हा सिनेमा दिवाणखान्यातलं नाटक होऊन बसतो, हेही खरं. म्हणून पहिली वीस मिनिटं बघा, दिवे घालवून. जिन्यातलं कोळ्याचं प्रचंड जाळं बघा. काउंट ड्रॅक्युला त्याच्या पलीकडे गेलेला दिसतो आणि जाळं जसंच्या तसं. मागून येणाऱ्या बिचाऱ्या पाहुण्याला काठीनं ते फाडावं लागतं. काउंट त्यावर बोलतो ते फक्त बेसावध माशीसाठी जाळं विणणाऱ्या कोळ्याबद्दल. त्या किल्ल्यात आर्माडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेले अमेरिकेतले प्राणी, का फिरतात, हे मात्र मला विचारू नका.

लुगोसीच्या चेहऱ्यावर आमच्या धंद्याचं काम जवळपास नाहीच. सुळे नाहीत, जखमा नाहीत, नुसते डोळे. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड, जर्मनीतून आलेला. त्यानं दोन बारीक उजेडाचे ठिपके फक्त डोळ्यांवर टाकले आणि बाकीचा चेहरा अर्धवट अंधारात ठेवला. उरलेलं काम लुगोसीच्या बोलण्यानं केलं. तो हंगेरीचा, इंग्रजी शब्द तोलून मापून टाकणारा. दारूचा पेला नाकारताना ‘मी पीत नाही’ आणि ‘वाइन’ यांच्यामध्ये तो जी जागा सोडतो, तेवढ्यात माणूस चहा टाकून येईल. तीच जागा लोक अजून आठवतात. या कामाचे त्याला मिळाले सगळे मिळून ३,५०० डॉलर.

आता ती हात ताणून चालण्याची गोष्ट. १९४२च्या ‘घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या शेवटी राक्षसाच्या डोक्यात लुगोसीनं केलेल्या इगॉरचा, म्हणजे राक्षसाच्या साथीदाराचा, मेंदू बसवतात आणि राक्षस आंधळा होतो. पुढच्या वर्षीच्या भागात राक्षस झाला खुद्द लुगोसी, साठ वर्षांचा. आंधळा म्हणून तो हात पुढे करून चाचपडत चालला. बरोबरच होतं. पण सिनेमा तयार झाल्यावर त्याचे सगळे संवाद कापले, त्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. राहिलं नुसतं हात पुढे करून अडखळत चालणं, ज्याचं कारण कोणालाच कळेना. लोक हसले. आणि जगभर राक्षसाची नक्कल म्हणून पसरली ती नेमकी तीच चाल. नटानं विचार करून केलेलं काम एडिटिंग टेबलावर असं हास्यास्पद होताना मी जवळून पाहिलंय, म्हणून लुगोसीवर हसणं मला जमत नाही. तो १९५६ साली गेला, पुरला तोही ड्रॅक्युलाच्या झग्यात.

चिकाटी असेल तर त्याच ‘ड्रॅक्युला’ची स्पॅनिश आवृत्तीही बघा. दिवसा इंग्रजी कंपनी काम करायची, रात्री त्याच सेटवर स्पॅनिश. रात्रपाळीचा कॅमेरा जास्त फिरतो, नायिका लुपिता टोव्हार जास्त जिवंत आहे. काउंट मात्र लुगोसीच्या नखाची सर येणारा नाही.

जर्मनीतल्या मूकपटांबद्दल थोडक्यात, कारण त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९२०च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’त सावल्यासुद्धा पडद्यांवर रंगवलेल्या आहेत. आपल्या जुन्या संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे ज्यांनी बघितलेत त्यांना हे परकं वाटणार नाही, इथे ते वेडंवाकडं केलंय एवढंच. त्यात झोपेत चालणारा सीझर म्हणजे कॉनराड फाइट. पेटीत उभा असलेला तो डोळे उघडतो तो क्लोजअप घड्याळ लावून बघा, पापण्या उघडायला किती वेळ घेतो ते. या माणसाची पत्नी ज्यू होती. हिटलरच्या जर्मनीत त्यानं सरकारी फॉर्मवर स्वतःची जातही ज्यू लिहिली आणि देश सोडला. मग हॉलिवुडनं त्याला काय दिलं, तर नाझी अधिकाऱ्यांच्या भूमिका. ‘कॅसाब्लांका’तला मेजर स्ट्रासर तोच. १९२२च्या ‘नॉस्फेराटू’त पिशाच्च झालाय माक्स श्रेक. उंदराचे दात, लांबडी नखं आणि जिन्यावर चढणारी सावली. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता केलेला हा सिनेमा, त्याच्या विधवेनं कोर्टात खेचला आणि प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला. काही वाचल्या म्हणून आपण बघतोय. उन्हानं पिशाच्च मरतं ही आता सगळ्यांना वेदवाक्य वाटणारी गोष्ट याच सिनेमानं काढली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही फिरतो.

या जर्मन अंधाराचा एक कवडसा आपल्या मालाडपर्यंत आला होता. म्युनिकचा कॅमेरामन योझेफ विर्शिंग बॉम्बे टॉकीजमध्ये काम करायचा. १९४९च्या ‘महल’मधले ते रिकामे जिने, हलता झोपाळा, अंधारातून अर्धाच उजळलेला मधुबालाचा चेहरा त्याच्या कॅमेऱ्यातले. ‘महल’ आधी बघून मग कॅलिगारी बघितलात तर जुनी ओळख निघाल्यासारखं वाटेल.

रंगभूषेची एक करामत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३१च्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये सज्जन डॉक्टर औषध पिऊन दुष्ट हाइड होतो, तेव्हा फ्रेडरिक मार्चचा चेहरा एकाच शॉटमध्ये, कट न मारता, आपल्या डोळ्यांदेखत बदलायला लागतो. दिग्दर्शक रूबेन मामूलियननं ही युक्ती कित्येक वर्षं फोडली नाही. युक्ती अशी: सुरकुत्या आणि खळगे लाल रंगानं आधीच काढून ठेवायचे. लाल फिल्टरमधून लाल रंग दिसतच नाही. मग फिल्टर बदलून हिरव्या-निळ्या बाजूला नेला की त्याच रेघा काळ्याकुट्ट होऊन वर येतात. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे उजेडाचा रंग बदलला हे कोणाला कळत नाही. या कामाला मार्चला ऑस्कर मिळालं, आणि त्यानं पुढे केलेला माकडासारखा हाइड आहेही तसाच दणकट.

हे वाचल्यावर मी एका एकांकिकेत करून बघितलं. लाल लिपस्टिकनं नटीच्या कपाळावर, ओठांच्या कडेला रेघा काढल्या, स्पॉटला लाल जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. डिमरवर लाल हळूहळू उतरवायचा आणि निळा चढवायचा. तालमीत तरुण बाई बघता बघता म्हातारी झाली, आम्ही सगळे खूश. प्रयोगाला लाइटच्या पोरानं चुकून पांढरा जनरल, म्हणजे सगळ्या रंगमंचावर पडणारा साधा उजेड, चढवला. प्रेक्षकांना दिसलं काय, तर तोंडभर कुंकवाच्या रेघा ओढलेली बाई. शेवटच्या रांगेतून कोणीतरी ‘उदे गं अंबे’ म्हणालं. घरी करून बघायचं असेल तर लाल आणि निळा पारदर्शक कागद, टॉर्च आणि लिपस्टिक पुरेशी आहे. पोरांना यात सिनेमापेक्षा जास्त मजा येईल.

पुढच्या पिढीतली जोडी म्हणजे ब्रिटनच्या हॅमर कंपनीचे पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर ली. १९५७चा ‘कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ रंगीत. पिअर्सच्या राक्षसाचं रूप वापरायची युनिव्हर्सलकडून मुभा नव्हती, म्हणून मेकअपमन फिल लीकीनं घाईघाईत नवा चेहरा केला, शिवणी निघालेल्या गोधडीसारखा. खरं सांगू, मला तो फारसा आवडत नाही. पण १९५८चा ‘ड्रॅक्युला’ बघाच. ली साडेसहा फुटांच्या आसपास, जिन्याच्या टोकावर काळी आकृती म्हणून उभा राहतो. आता किंचाळणार म्हणून आपण सरसावतो, तर तो तरातरा खाली येतो आणि एखाद्या खानदानी यजमानासारखा पाहुण्याची विचारपूस करतो. याच लीनं पुढे १९९८च्या सिनेमात बॅरिस्टर जिनांची भूमिका केली आणि तीच आपली सर्वांत मोलाची भूमिका असं तो सांगत राहिला. कुशिंगचं हत्यार वेगळं, हातातल्या वस्तू. चष्मा, हातमोजा, नळकांडं, काही ना काही त्याच्या हातात चालू असतं आणि त्यामुळे त्याच्या थापा खऱ्या वाटतात. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढणं आणि दोन मेणबत्तीदान्यांचा क्रूस करणं, यातला क्रूस त्यानंच सुचवलेला.

व्हिन्सेंट प्राइसबद्दल माझं मत थोडं उणं आहे. आवाज दैवी, मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ गाण्याच्या शेवटी हसतो तो हाच. पण पडद्यावर तो अनेकदा आपल्याकडे बघून डोळा मारतोय असं वाटतं. १९६८चा ‘विचफाइंडर जनरल’ याला अपवाद, तिथे तो हसत नाही आणि अंगावर काटा येतो. योगायोग बघा, कुशिंगचा वाढदिवस २६ मे, ली आणि प्राइस दोघांचा २७ मे. आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी त्या दोन रात्री यांतलं काहीतरी लागतं.

सुरुवात कुठून करायची? घरात पोरं असतील तर ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’, मग पहिला भाग. एकट्यानं बघायचं तर ‘फँटम’चा तो प्रसंग आणि ‘ड्रॅक्युला’ची वीस मिनिटं. आणि सगळ्यांत शेवटी, रात्री, कानाला चांगले हेडफोन लावून, १९४२चा ‘कॅट पीपल’.

हा आरकेओ स्टुडिओचा स्वस्तातला सिनेमा, खर्च सव्वा लाख डॉलरच्या थोडा वर. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. राग किंवा मत्सर अनावर झाला की आपण काळा बिबट्या होऊ, अशी भीती बाळगणारी एक बाई. दुसरी बाई रात्री उद्यानाच्या भिंतीकडेनं चाललीय, मागून टाचांचा आवाज येतोय, मग तो आवाज थांबतो. फक्त हिच्या टाचा वाजतात. ती पळायला लागते आणि अचानक फिस्स करून काहीतरी शेजारी येऊन थांबतं. बस असते. त्यानंतरच्या प्रत्येक भयपटात खोटं दचकवणं आलं ते या बसमधून उतरून.

पुढे हीच दुसरी बाई तळघरातल्या पोहण्याच्या तलावात एकटी. पाण्याचा उजेड छतावर हलतोय, गुरगुर ऐकू येते, भिंतीवर एक सावली सरकते. श्वापद काही दिसत नाही. दिवे लागतात तेव्हा काठावर उभी असते ती पहिली बाई, शांत, हसतमुख. बाहेर येऊन बघावं तर हिचा अंगरखा फाडून चिंध्या केलेल्या. सावलीचं विचाराल तर ती बिबट्याची नव्हतीच. तूर्नरनं दिव्यापुढे स्वतःची मूठ धरली होती. त्या दिवशी सेटवर मेकअपमन असलाच तर बाहेर चहा पीत बसला असेल.